वसंतातली थंडी आणि अंगणातले पर्पल मार्टिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किंवा कॅनडात ज्यांच्या मागच्या अंगणात मार्टिनच्या घरट्यांचा खांब उभा आहे, आणि जे यंदा उभा करायच्या विचारात आहेत, अशा मराठी मंडळींसाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. यातले बहुतेक प्रश्न थंडीच्या लाटेच्या तिसऱ्या दिवशी, पक्षी पिसं फुलवून गप्प बसलेले दिसले की घाईघाईने विचारले जातात. तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून कळकळीची विनंती, की पक्षी यायच्या आधीच हे वाचा आणि रातकिड्यांची एक पिशवी फ्रीझरमध्ये आणून ठेवा.

पर्पल मार्टिन म्हणजे नेमका कोणता पक्षी?

उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी भिंगरी. हिवाळ्यात महाराष्ट्रात विजेच्या तारांवर ओळीने बसणाऱ्या माळभिंगऱ्यांच्याच कुळातली, पण अंगाने चांगली दणकट. वजन साधारण ५० ते ६० ग्रॅम. पूर्ण वाढीचा नर उन्हात गर्द जांभळा-निळा चमकतो आणि सावलीत काळाच दिसतो. मादी आणि वर्षाचा तरुण नर पोटाकडे मळकट राखाडी असतात. हा पक्षी हिवाळा काढतो दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये, आणि पिल्लं वाढवायला उत्तरेत येतो.

त्याचं सगळं खाणं हवेतलं. चतुर, भुंगेरे, माश्या, पतंग, फुलपाखरं, पंख फुटलेल्या मुंग्या. पाणीसुद्धा तळ्यावरून उडता उडताच चोचीने उचलतो. जमिनीवर उतरून किडे टिपायची त्याला सवय नाही, झाडाच्या सालीत खुपसून अळी काढायला चोच नाही, दाणे तर तो खातच नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचं मूळ या एका गोष्टीत आहे.

उन्हाळ्याचा पक्षी एवढ्या थंडीत येतोच कशाला?

ब्राझीलमधून निघताना ओहायोत बर्फ आहे की ऊन, हे त्याला कळायची सोय नाही. परतीची वेळ तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. त्यात वयाने मोठे पक्षी आधी येतात, कारण जो आधी पोचेल त्याला चांगली जागा मिळते. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला पहिले मार्टिन जानेवारीतच दिसतात, टेक्सासात फेब्रुवारीत, पेनसिल्व्हेनिया-ओहायोकडे मार्चअखेरीपासून एप्रिलमध्ये, मिनेसोटा आणि कॅनडात एप्रिलच्या मध्यानंतर. वर्षाची तरुण पाखरं त्यानंतर कित्येक आठवड्यांनी येतात.

या पहिल्या पक्ष्यांना इथे सगळे ‘स्काऊट’ म्हणतात. ते पुढे येऊन जागा हेरतात आणि परत जाऊन थव्याला घेऊन येतात, असा समज आहे. तसं काही नसतं. तो गेल्या वर्षीचाच जुना भाडेकरू असतो आणि आपल्याच खोलीवर परत आलेला असतो. प्रवासही भलताच वेगाने होतो. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या ब्रिजेट स्टचबरी यांनी पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पाठीवर इवली यंत्रं बसवून त्यांचा मार्ग नोंदला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक मादी ७,५०० किलोमीटर अंतर १३ दिवसांत कापून घरी पोचलेली दिसते. एवढं उडून आलेल्या पक्ष्याला दारात गारठा भेटला, तर अंगात फारशी शिल्लक नसते.

ते थंडीने मरतात की भुकेने?

भुकेने. पोट भरलेला मार्टिन बऱ्यापैकी थंडी सोसतो. अडचण किड्यांची आहे. पारा ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सियसच्या खाली गेला की किडे उडेनासे होतात. संततधार पाऊस, दाट धुकं, बर्फ किंवा जोराचा वारा असेल, तर पारा थोडा वर असूनही आकाश रिकामंच राहतं. खायला नाही, आणि ऊब टिकवायला रोजच्यापेक्षा जास्त खर्च, असा दुहेरी मार बसतो.

धडधाकट मार्टिन साधारण दोन ते तीन दिवस उपाशी काढू शकतो. त्यानंतर छातीचा स्नायू झिजायला लागतो, आणि उडायचं बळ त्याच स्नायूत असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मरतुक सुरू होते. वाईट भाग असा की तोवर ऊन पडून किडे उडायला लागले, तरी हडकलेल्या पक्ष्याला ते पकडायला झेपत नाही.

मग खाऊ घालायला नेमकं कधी सुरू करायचं?

नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज रोज पाहायची सवय लावा. दिवसाचं कमाल तापमान सलग दोन दिवस ५० फॅरनहाइटच्या वर जाणार नसेल, तर पहिल्याच दिवशी तयारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात. बर्फ पडणार असेल तर वाट पाहूच नका. मोठी माणसं आजारपणात म्हणतात ना, अंगात ताकद आहे तोवर दोन घास जातात. तसंच हे आहे. नवी गोष्ट शिकायला पक्ष्याच्या अंगात उमेद लागते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी तो थोडा भुकेला असतो, पण उडू शकतो. फेकलेला किडा पकडायला तो शिकतो तो तेव्हाच. चौथ्या दिवशी तुम्ही कितीही किडे उधळलेत तरी तो फांदीवरून हलणार नाही.

हा निसर्गात हस्तक्षेप नाही का? दुबळे पक्षी गळणं हेच बरं, असं काही जण म्हणतात.

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला आधारही आहे. १९९६ च्या मे महिन्यात नेब्रास्कात आलेल्या थंडीत कड्यांवर घरटी करणाऱ्या भिंगऱ्या मोठ्या संख्येने मेल्या. चार्ल्स ब्राऊन आणि मेरी बॉमबर्गर ब्राऊन या संशोधकांनी मेलेले आणि वाचलेले पक्षी मोजून-मापून पाहिले, तर वाचलेले पक्षी आकाराने मोठे निघाले. थंडी निवड करते, हे खरंच.

पण मार्टिनचं प्रकरण वेगळं आहे, आणि याबाबत माझं मत ठाम आहे. रॉकी पर्वताच्या पूर्वेला हा पक्षी आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरट्यांत राहतो. युरोपीय लोक यायच्या कितीतरी आधी तिथले मूळ रहिवासी चोक्टॉ आणि चिकसॉ लोक गावात मार्टिनसाठी तुंबे, म्हणजे वाळलेले पोकळ भोपळे, टांगत असत. पुढे जंगलं तुटली, पोकळीची जुनी झाडं गेली, आणि माणसांनीच युरोपातून आणून सोडलेल्या चिमण्या आणि स्टार्लिंग यांनी उरलेल्या ढोल्या बळकावल्या. नैसर्गिक ढोल्यांत राहणारे मार्टिन आता मुख्यतः पश्चिमेकडे उरले आहेत. ॲरिझोनाच्या वाळवंटात ते सग्वारो निवडुंगातल्या सुतारपक्ष्यांच्या जुन्या भोकांत राहतात. पूर्वेकडच्या मार्टिनना मात्र आपण घर दिलं म्हणून ते आपल्या दारी आले. त्यांना बोलावून घेतल्यावर अडचणीच्या चार दिवसांत पाठ फिरवणं मला पटत नाही.

शिवाय एकेका लाटेत होणारं नुकसान लहान नसतं. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाचा पाऊस पेनसिल्व्हेनिया-न्यूयॉर्क भागात दिवसेंदिवस कोसळला, तेव्हा मोठे पक्षी आणि पिल्लं मिळून वसाहतीच्या वसाहती रिकाम्या झाल्या आणि त्या भरून यायला वर्षानुवर्षं लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात वीज गेली, पाइप फुटले, ती थंडी तिथल्या मराठी घरांना चांगली आठवत असेल. त्याच आठवड्यात नुकतेच पोचलेले कितीतरी मार्टिन मेले. ते सगळे दुबळे होते असं म्हणता येत नाही. सगळ्यात अनुभवी पक्षीच सगळ्यात आधी येतात.

खायला काय द्यायचं?

तीन गोष्टी चालतात: रातकिडे, मीलवर्म नावाच्या अळ्या आणि शिजवलेलं अंडं.

रातकिडे सर्वांत उत्तम. पाळीव प्राण्यांच्या दुकानात सरड्यांसाठी विकतात तेच. मोठ्या आकाराचे घ्या, म्हणजे हवेत पक्ष्याला लांबून दिसतात. जिवंत आणलेत तर घरी आणून फ्रीझरमध्ये ठेवायचे, गोठवलेलेही मिळतात. द्यायच्या आधी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं टाकून मऊ करून घ्या. दगडासारखा गोठलेला किडा उपाशी पक्ष्याच्या पोटात गेला की तो गरम करायलाही त्याचीच ऊब खर्च होते.

मीलवर्म फ्रिजमध्ये जिवंत टिकतात आणि थाळीत वळवळतात, म्हणून पक्ष्याचं लक्ष वेधायला बरे. मात्र हवेत फेकायला हलके पडतात. वाळवलेल्या अळ्या टाळलेल्या बऱ्या. त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो.

भात, पोळी, शेव, दाणे? घरातलं काहीच चालणार नाही?

नाही. त्याची पचनसंस्था त्यासाठी नाही. ब्रेड, भात, कुत्र्याचं खाणं, कच्चं मांस, बाजारात मिळणारे पक्ष्यांचे दाणे, काहीही नको. काही पक्षी शिकून खातीलसुद्धा, पण पोट भरल्यासारखं वाटून आतून उपाशीच राहतील.

अंडं कसं शिजवायचं?

आपली भुर्जी, पण त्यातलं सगळं वजा करून. तेल नाही, तूप नाही, मीठ, हळद, कांदा, मिरची, दूध, काही म्हणजे काही नाही. नॉनस्टिक तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नुसतं फेटलेलं अंडं घट्ट होईपर्यंत शिजवा, गार होऊ द्या आणि मटाराएवढे तुकडे करा. हाताला ओलसर लागलं पाहिजे, पाणी सुटलेलं नको. तुकडे फ्रीझरमध्येही राहतात.

टरफलं टाकू नका. धुऊन, ओव्हनमध्ये भाजून, बोटांनी बारीक चुरा करून ठेवा. अंडी घालायच्या दिवसांत मादीला कॅल्शियम लागतं आणि ती चुरा आवडीने उचलते. थंडी नसतानाही थाळीत थोडा चुरा ठेवायचा फायदा पुढे सांगितला आहे.

आमच्या घरात अंडं शिजत नाही, आणि किडे मारायला मन होत नाही. मग आम्ही मार्टिन पाळूच नयेत का?

घर टांगायला हरकत काहीच नाही. पण हे आधीच ठरवून ठेवा. मार्टिन शंभर टक्के मांसाहारी आहे. त्याच्यासाठी शाकाहारी पर्याय असा कुठलाच नाही. गोठवलेले रातकिडे विकत आणून गॅरेजमधल्या वेगळ्या छोट्या फ्रीझरमध्ये ठेवता येतात, स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध येत नाही. तेही नको असेल तर एखाद्या शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा. मार्टिन ठेवणारी माणसं या बाबतीत फार मदतीची असतात. चार घरं सोडून राहणारे अमेरिकन आजोबा आनंदाने येऊन किडे फेकतील. थंडी आल्यावर घरात चर्चा सुरू करू नका, एवढंच.

किडे हवेत का फेकायचे? नुसते थाळीत ठेवले तर?

अनोळखी थाळीतला निपचित किडा मार्टिनच्या लेखी अन्नच नाही. त्याच्यासाठी अन्न म्हणजे हवेतून जाणारं काहीतरी. म्हणून सुरुवात फेकण्यापासून.

लागतो फक्त एक प्लास्टिकचा चमचा. खांबापासून पंधरा-वीस फुटांवर, पक्ष्यांना आपण स्वच्छ दिसू अशा जागी उभे राहा. वाऱ्याकडे पाठ. एका हाताने चमच्याची दांडी घट्ट धरा, खोलगट भागात एकच रातकिडा ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटाने चमचा मागे वाकवा आणि सोडा. किडा पक्षी बसलेत त्यांच्या डोक्याच्या पातळीहून वर गेला पाहिजे आणि त्यांच्या समोरून जायला हवा, अंगावर नव्हे. खांब उंच असेल तर बेचकी वापरतात. काही जण बारीक नळीतून फुंकर मारूनही किडा उडवतात.

पहिले बरेच किडे गवतात पडतील. तिकडे लक्ष देऊ नका, पक्ष्यांच्या मानेकडे पाहा. पिसं फुलवून, मान आत ओढून बसलेला नर सुरुवातीला हलत नाही. मग कधीतरी किडा वर जाताना त्याचं डोकं तिरकं होतं. पुढच्या किड्याला मान लांब होते, पिसं अंगाला चपापून बसतात, शरीर एकदम बारीक दिसायला लागतं. ही खूण दिसली की थांबायचं नाही, लगेच पुढचा किडा त्याच उंचीवर, त्याच रेषेत. तो सुटतो, किडा वरून खाली यायला लागतो त्या क्षणी त्याच्याखाली पोचतो, आणि चोच मिटल्याचा बारीक ‘टक’ आवाज खाली उभ्या माणसाला ऐकू येतो. एकाने घेतला की शेजारचे पाहत असतातच. थोड्या वेळात तुमचे हात कमी पडायला लागतात.

दर वेळी फेकायच्या आधी एकच ठरावीक शीळ घाला किंवा हाक मारा. पुढच्या लाटेत, इतकंच काय पुढच्या वर्षीही, जुने पक्षी त्या आवाजाला प्रतिसाद देतात.

पक्ष्यांनी पहिल्या दिवशी दाद दिली नाही तर नाउमेद होऊ नका. ऊन असताना आणि पोट भरलेलं असताना ते तुमच्याकडे बघणारही नाहीत. गार सकाळी, ते खांबावर बसून आहेत आणि उडत नाहीत, तीच वेळ.

आणखी एक. एप्रिल-मेमध्ये भारतातून आई-बाबा आलेले असतात. आपण ऑफिसात असताना दिवसभर घरी तेच असतात. चमच्याचं तंत्र त्यांना एकदा दाखवून ठेवा. हातात वेळ आणि पक्ष्यांची माया असली की हे काम त्यांच्याइतकं कोणी निगुतीने करत नाही.

थाळीवर खायला कसं शिकवायचं?

फेकून खाऊ घालणं जोराच्या पावसात जमत नाही आणि वसाहत मोठी असेल तर खांदे भरून येतात. म्हणून पुढची पायरी थाळी. इंचभर कड असलेला, पाणी निघून जायला बारीक भोकं असलेला चौकोनी ट्रे घरट्यांच्याच उंचीवर, त्याच खांबाला किंवा शेजारच्या खांबाला लावा. कप्पी आणि दोरी असेल तर भरायला खाली घेता येतो. जमिनीवर किंवा कमरेएवढ्या उंचीवर ठेवलेल्या थाळीकडे मार्टिन सहसा फिरकत नाहीत.

ट्रे थंडी यायच्या आधी लावा आणि त्यात टरफलांचा चुरा आणि घरट्यासाठी वाळलेल्या काड्या ठेवा. म्हणजे पक्ष्यांची तिथे आधीच ये-जा होते आणि ऐन वेळी थाळीची भीती राहत नाही. मग फेकता फेकता काही किडे मुद्दाम ट्रेमध्ये पडू द्या. तिथले उचलायला लागले की त्यात अंड्याचे तुकडे मिसळा. नुसतं अंडं ठेवलंत तर ते पिवळे दगड समजून सोडून देतील. वळवळणाऱ्या अळ्यांबरोबर एकदा तोंडात गेलं की मग निवडून खातात.

किती आणि कितीदा?

मोजून द्यायची गरज नाही. पक्षी तोंड फिरवतील तोवर द्या. निदान सकाळी लवकर आणि सूर्य मावळायच्या दोनेक तास आधी. दोन्हींतली एकच वेळ जमणार असेल तर मी संध्याकाळची निवडेन, कारण पुढची लांब रात्र त्याच खाण्यावर काढायची असते. उरलेलं अंडं रात्री थाळीत ठेवू नका. खराब होतं आणि रॅकूनला आमंत्रण मिळतं.

रात्री आपण काही करू शकतो का?

करण्यापेक्षा न करणं महत्त्वाचं. थंड रात्री कितीतरी पक्षी एकाच खोलीत एकमेकांना चिकटून बसतात, बाजूच्या खोल्या रिकाम्या असल्या तरी. काळजीपोटी टॉर्च घेऊन बघायला जाऊ नका, घर खाली उतरवू नका. अंधारात बिथरून उडालेला पक्षी परत आत येत नाही आणि उघड्यावर गारठतो.

दिवसा, पक्षी यायच्या आधीच, प्रत्येक खोलीत इंचभर कोरडा थर घालून ठेवा. पाइनच्या वाळलेल्या सुया किंवा लाकडाचा जाडसर कीस चालतो. विजेचे हीटर, दिवे वगैरे बसवायचे उद्योग मला पसंत नाहीत. ओल्या हवेत उघड्या खांबावर वायर नेणं धोक्याचं, आणि ऊब दिली तरी पोट रिकामंच राहतं.

घर कसलं असावं म्हणजे थंडी कमी लागेल?

जुन्या ॲल्युमिनियमच्या घरांतल्या सहा इंच बाय सहा इंचांच्या खोल्या फारच अपुऱ्या पडतात. पाऊस थेट घरट्यापर्यंत येतो आणि घुबडाचा पायही पोचतो. सहा बाय बारा इंचांची खोली कितीतरी बरी. दोन खोल्यांमधली भिंत काढूनही ती करता येते.

तुंबे मला स्वतःला सगळ्यात आवडतात. हा दुधी भोपळ्याच्याच जातीचा, वेलावर पूर्ण पिकवून वाळवलेला टणक भोपळा. एकतारीला लागतो तसलाच. जाड सालीमुळे आत ऊब टिकते. भोकाच्या वर छोटं छज्जं बसवलं की पाऊस आत येत नाही. आता प्लास्टिकचे तुंबेही मिळतात, टिकायला आणि धुवायला ते सोपे, मात्र साल पातळ असते.

खांब मोकळ्या जागेत हवा: उंची बारा फुटांच्या पुढे, आणि उंच झाडांपासून निदान चाळीस फूट लांब.

थाळीवर स्टार्लिंग आणि चिमण्या येतात. काय करू?

युरोपीय स्टार्लिंग १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडले गेले आणि तिथून देशभर पसरले. चिमणीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ब्रुकलिनमध्ये आणली गेली. महाराष्ट्रात चिमणी कमी झाली म्हणून आपण हळहळतो, दारात पाण्याचं भांडं ठेवतो, त्यामुळे इथे तिला हाकलायला जड जातं, हे मी समजू शकते. पण मार्टिनच्या खोलीत शिरून ती अंडी फोडते. दोन्ही पक्ष्यांना अमेरिकेच्या कायद्याचं संरक्षण नाही, त्यांची घरटी काढता येतात. स्टार्लिंगला अडवायला चंद्रकोरीसारखं भोक असलेलं दार लावा. चिमणी त्यातूनही शिरते, तिथे रोजची नजर हाच उपाय. थाळीपुरतं सांगायचं तर किडे थोडे थोडे आणि आपण समोर उभे असताना ठेवा. मार्टिन माणसाला सरावलेले असतात, स्टार्लिंग बिचकतात.

पिल्लं असताना थंडी-पावसाची झड लागली तर?

ती परिस्थिती जास्त नाजूक. अंडी साधारण पंधरा-सोळा दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढचे २६ ते ३२ दिवस घरट्यात असतात. पहिल्या काही दिवसांत त्यांच्या अंगावर पिसं नसतात, स्वतःची ऊब धरता येत नाही. आई पांघरून बसली तर खाणं कोण आणणार, आणि खाणं शोधायला गेली तर पिल्लं गार पडतात. इथे दोन दिवसांची वाट पाहायची नाही. एक अख्खा दिवस पाऊस आणि गारठा राहिला, की थाळी भरायची. थाळी आधीपासून ओळखीची असेल तर आई-बाप तिथून चोचीत भरून थेट पिल्लांकडे नेतात. पिल्लं लहान असतील तर रातकिडेही लहान द्या.

फक्त अंडी असतील आणि ती गार लागली, तर लगेच काढून टाकू नका. थंडीत उबवणी लांबते. अपेक्षित तारखेनंतर आठवडाभर थांबा.

जमिनीवर निपचित पडलेला मार्टिन सापडला. घरात आणू का?

झाकणाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना पंचा घालून त्यात ठेवा. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्यात एका बाजूला ठेवा, म्हणजे नकोशी झाली तर त्याला सरकता येईल. अंधार आणि शांतता. चोच उघडून पाणी किंवा दूध घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. लगेच परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन करणाऱ्या व्यक्तीला फोन करा. राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली मार्टिन संरक्षित आहे, त्यामुळे तात्पुरता निवारा देऊन पोचवणं वेगळं आणि घरी ठेवून घेणं वेगळं. मुलांना तो हवाहवासा वाटेल, पण त्यांना खोकं उघडू देऊ नका.

आपण खाऊ घातलं तर पक्षी आळशी होतील, स्थलांतर विसरतील?

असं होत नाही. ऊन पडून किडे उडायला लागले की एका तासात थाळी ओस पडते. उडता किडा समोर असताना मार्टिन अंड्याच्या तुकड्याकडे बघत नाही. आणि परतीचं ठरतं दिवसाच्या लांबीवरून, थाळीवरून नाही.

मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो म्हणे. निदान त्यासाठी तरी जगवायला हवा ना?

ही १९६० च्या दशकातली जाहिरात. इलिनॉयमधल्या ग्रिग्सव्हिल गावात मार्टिनसाठी ॲल्युमिनियमची घरं बनवणाऱ्या उद्योगाने ती गाजवली. मार्टिन दिवसा आणि बऱ्याच उंचीवर शिकार करतो, डास खाली, झुडपांत आणि अंधार पडल्यावर. त्याच्या खाण्यात डास नगण्य. डासांसाठी कुंड्यांखालचं पाणी ओतून टाका. मार्टिन जगवायचा तो मार्टिनसाठी.

लाट ओसरली. आता काय करायचं?

पहिल्या उबदार दिवशी, दुपारी, पक्षी चरायला गेलेले असताना घर खाली घ्या आणि प्रत्येक खोली उघडून पाहा. मेलेले पक्षी असतील तर हातमोजे घालून काढा. एकाच खोलीत एकावर एक असे सापडतात, त्यामुळे वरचा एक काढून थांबू नका, तळापर्यंत हात घाला. ते तसेच राहिले तर वाचलेले पक्षी ती खोली वापरत नाहीत. ओला झालेला थर बदला. मार्टिन अशा तपासणीने घर सोडून जात नाहीत, ही भीती बाळगू नका. फक्त प्रत्येक तुंबा त्याच जागी, तोंड त्याच दिशेला ठेवून परत टांगा.

पक्ष्याच्या पायात धातूचं किंवा रंगीत कडं असेल तर त्यावरचा क्रमांक लिहून ठेवा आणि अमेरिकेच्या पक्षी-वलयांकन प्रयोगशाळेला कळवा. त्या पक्ष्याला कडं कुठे आणि कधी घातलं होतं, हे तिथून समजतं.

वसाहत अर्धी झाली असली तरी घरं उतरवून ठेवू नका. वर्षाची तरुण पाखरं अजून वाटेत असतात आणि मे-जूनपर्यंत नवी जागा शोधत येत राहतात.

थाळी कधी काढायची?

टरफलांच्या चुऱ्यासाठी ती पिल्लं उडेपर्यंत तशीच राहू द्या. ऑगस्टमध्ये पक्षी गेले की घासून, वाळवून आत ठेवा, आणि फ्रीझरमध्ये रातकिडे किती उरलेत ते तेव्हाच पाहून घ्या. वसंतात थंडीची बातमी आली की आसपासच्या दुकानांतले रातकिडे एका दिवसात संपतात.